क्राउड बिघडेल म्हणजे नक्की कोण येईल?

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक कागद फिरत होता. घोडबंदर रोडला आमच्या कंपाउंडला लागून जो मोकळा प्लॉट आहे तिथे दोन मोठे टॉवर येणार हे सगळ्यांना दोन वर्षांपासून माहिती होतं, त्यावर कुणी काही बोललं नव्हतं, उलट नवीन टॉवर आले की आपलाही रेट वाढेल असंच सगळे म्हणायचे. पण त्याच प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात २० टक्के योजनेतली एक बिल्डिंग होणार आणि ती घरं म्हाडाच्या लॉटरीतून जाणार असं कळलं आणि दोन दिवसांत हरकतीचं पत्र तयार झालं. पाणी आधीच कमी आहे, ट्रॅफिक आधीच आहे, सुरक्षिततेचा प्रश्न येईल वगैरे, आणि शेवटी एक वाक्य जे पत्रात सभ्य भाषेत होतं आणि ग्रुपवर सरळ होतं. एरियाचा क्राउड बिघडेल.

तो कागद सहीसाठी आमच्या डायनिंग टेबलवर पडला होता आणि किचनमध्ये ताई पोळ्या करत होत्या. ताई आमच्याकडे सहा वर्षं येतायत. आधी मानपाड्याला भाड्याने राहायच्या, दहा मिनिटांत चालत यायच्या. मग भाडं वाढत गेलं, डिपॉझिट वाढलं, आणि दिव्याला गेल्या. आता पहाटे साडेचारला उठून घरचा डबा करायचा, दिव्याला गर्दीत घुसून ठाण्याला उतरायचं, मग स्टेशनहून बस, आणि मधेच धाकटी शाळेला निघाली का बघायला पिठाचे हात फडक्याला पुसून फोन उघडायचा. त्या दिवशी पोळी उलटता उलटता त्या म्हणाल्या, "दादा, ते बाजूला म्हाडाची घरं होणारेत म्हणे, फॉर्म कधी निघतो बघाल का?" मी कागद उलटा करून ठेवला. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे, कारण हा फक्त आमच्या सोसायटीचा विषय नाही, ठाण्यात आहे, मुलुंडला आहे, कुर्ल्याला आहे, नवी मुंबईत आहे, पुण्यात आहे, जिथे म्हणून स्वस्त घरांची बिल्डिंग येणार असं कळतं तिथे तिथे हेच पत्र फिरतं.

आधी कोण येणार ते बघू. २० टक्के योजना म्हणजे १० लाखांच्या वर लोकसंख्येच्या शहरात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट डेव्हलप करायचा असेल तर बिल्डरने २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, २०१३ पासून हा नियम आहे. आणि आपल्या मुंबई महानगर भागात अत्यल्प गटाची मर्यादा आहे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत, अल्प गटाची ९ लाखांपर्यंत. म्हणजे महिन्याला ५० हजार कमावणारं घर सरकारच्या हिशोबात अत्यल्प गटात येतं. आता सांगा हे लोक कोण आहेत? आपण ज्या हॉस्पिटलला जातो तिथली स्टाफ नर्स. बसचा ड्रायव्हर. कुरिअरवाला. प्रायव्हेट शाळेतली टीचर जी आपल्याच मुलांना शिकवते. आमच्याच विंगमधला एक मुलगा गेल्या वर्षी नोकरीला लागला, लग्न ठरतंय, आईबाबांचा फ्लॅट सोडला तर त्याच्या पगारात ठाण्यात त्याला काही मिळत नाही, तोही याच गटात बसतो. त्याच्या वडिलांची सही त्या पत्रावर पहिली आहे. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना खरंच माहिती नव्हतं, पण हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आणि आपण तरी कुठून आलो? मी कन्नमवार नगरचा, विक्रोळी ईस्ट. हाउसिंग बोर्डाची कॉलनी, म्हाडा व्हायच्याही आधीची, म्हाडा १९७७ ला झाली. वडील एलबीएस रोडला कारखान्यात होते. एक खोली आणि किचन, त्यात आम्ही सहा जण, वरून गावाकडून कुणी ना कुणी नोकरी शोधायला आलेलं. आमच्या आसपास सगळे असेच, कामगार, पोलिस, बेस्टवाले, म्युन्सिपालिटीतले. त्या एका एका खोलीतून माणसं शिकली, डॉक्टर झाली, इंजिनियर झाली, आणि मग ठाणे डोंबिवली पुण्याला टू बीएचके घेऊन गेली. टिळक नगर, नेहरू नगर, पंत नगर, टागोर नगर, ही सगळी त्या काळातली 'परवडणारी घरं'च होती, फक्त तेव्हा हा शब्द नव्हता. आज मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गाला विचारा, दर दोन-तीन घरांमागे एकाचं मूळ म्हाडा नाहीतर सिडको नाहीतर चाळीत निघेल, माझ्या ओळखीत तरी नक्की निघतं. त्या घरांनी एरिया बिघडला का? आज कन्नमवार नगरात रिडेव्हलपमेंटचे टॉवर उभे राहतायत आणि तिथला रेट ऐकून मला परत तिथे जाता येणार नाही एवढं नक्की.

चारकोपचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८५ मध्ये वर्ल्ड बँकेच्या पैशातून तिथे आणि गोराईला प्लॉट पाडले, बांधलेली घरं दिलीच नाहीत, छोटे छोटे प्लॉट, पाणी, गटार, रस्ता दिला, साधारण ३५ प्लॉट एका चौकाभोवती आणि त्यांची मिळून एक सोसायटी, घर ज्याचं त्याने जमेल तसं बांधायचं. आणि मुद्दाम त्याच लेआउटमध्ये मोठ्या उत्पन्नवाल्यांसाठीही प्लॉट ठेवले, ते बाजारभावाने विकून छोट्यांचा खर्च भागवला. तेव्हा तिकडे खाडी आणि चिखल होता, लोक नाक मुरडायचे. आज चारकोपमध्ये घर आहे म्हटलं की लोक चांगल्या अर्थाने भुवया उंचावतात. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेजही तसंच, चार्ल्स कोरियांनी ८०च्या दशकात सिडकोसाठी केलं, सात सात घरं एका अंगणाभोवती, छोट्या आणि मोठ्या उत्पन्नाच्या घरांच्या प्लॉटमध्ये फार फरकच ठेवला नाही, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, बस.

आता पाणी आणि ट्रॅफिकचं बघू, कारण ते मुद्दे खोटे नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात ते मी गेटवर उभं राहून मोजलंय, आणि संध्याकाळी रोडला जे होतं ते सगळ्यांना माहिती आहे. पण मला एवढंच विचारायचंय की त्याच प्लॉटवर जे दोन टॉवर येतायत, प्रत्येक फ्लॅटला दोन पार्किंग, स्विमिंग पूल, गार्डन, त्यांच्यावर हरकत का नाही? त्या टॉवरमधून शेकडो गाड्या बाहेर पडणार आणि मागच्या बिल्डिंगमधून बाइक आणि बसच्या रांगेत उभी राहणारी माणसं, मग ट्रॅफिक कुणामुळे वाढणार? पाण्याचंही तेच, आणि या बाबतीत तर मुंबईत हिशोबच वेगळा आहे, इमारतीत राहणाऱ्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५ लिटर धरतात, म्हणजे गरिबाने पाणी जास्त वापरलं म्हणून कुणाचं कमी झालं असं कधी झालेलंच नाही. पाण्याचा प्रश्न असेल तर तो संपूर्ण प्लॉटला विचारा ना, ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी, मिळण्याआधी लाइन टाकून दाखवा म्हणा. एकाच बिल्डिंगला विचारलं की तो पाण्याचा प्रश्न राहत नाही.

रेट पडेल ही भीती मला समजते, लोकांनी आयुष्याची कमाई आणि वीस वर्षांचा ईएमआय त्या फ्लॅटमध्ये घातलेला असतो. यावर बाहेर अभ्यास झालेत. तेव्हा स्टॅनफर्डला असलेल्या रिबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांचा २०१९ ला प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, अमेरिकेत सरकारी सवलतीतून बांधलेल्या कमी भाड्याच्या घरांच्या आजूबाजूच्या किमतींवर. गरीब एरियात अशी बिल्डिंग आली तर अगदी शेजारच्या, म्हणजे दीडशे एक मीटरच्या आतल्या घरांच्या किमती ६.५ टक्क्यांनी वाढल्या, आणि श्रीमंत, जिथे अल्पसंख्याक वंशांचे लोक कमी आहेत अशा एरियात २.५ टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे उतरतात हेही खरं, ते लपवायचं कारण नाही. पण अडीच टक्के, आणि तेही अगदी शेजारच्यांच्या. अमेरिकेचं इथे जसंच्या तसं लागू होत नाही हे मान्य, पण मग इथलं बघा. ताडदेवला इम्पिरियलचे दोन टॉवर आहेत ना, साठ मजली, देशातल्या महागड्या फ्लॅटपैकी तिथले फ्लॅट. ते टॉवर एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झालेत, एमपी मिल कंपाउंडच्या झोपडपट्टीच्या जागेवर, आणि पात्र झोपडीधारकांच्या रिहॅब बिल्डिंग तिथेच शेजारी आहेत. ज्यांनी तिथे कोट्यवधी दिले त्यांना शेजाऱ्यांमुळे रेट पडेल असं वाटलं नाही. मुंबईत जागेचा रेट रेल्वे, मेट्रो, रस्ता, शाळा यांवर ठरतो, शेजारी कोण राहतो हे फार खाली येतं.

मग एरिया बिघडतच नाही का? बिघडतो. मी ते डोळ्यांनी बघितलंय, आणि म्हणूनच हे जास्त तळमळीने लिहितोय. गोवंडीला नटवर पारेख कंपाउंड आहे, मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड. रेल्वे आणि रस्त्याच्या प्रकल्पांमध्ये ज्यांची घरं गेली त्यांना तिथे नेलं. मी एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, दुपारी बारा वाजता, खालच्या मजल्यावर, आणि घरात ट्यूबलाइट लागलेली. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची भिंत, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतकी जवळ, मधल्या फटीत वरून टाकलेला कचरा, त्यामुळे खिडकी बंदच. काकू म्हणाल्या, "दिवस आहे का रात्र ते आम्हाला मोबाइलवर कळतं." या वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने अभ्यास केला, तो २०१८ मध्ये आला, टीबीचं प्रमाण आणि घरात न येणारा उजेड-वारा यांचा संबंध त्यात मांडलाय, खालच्या मजल्यांवर जास्त. माहुलचं तर सगळ्यांनी वाचलंय, रिफायनरीच्या बाजूला ७२ इमारती, पाण्याच्या पाइपलाइनलगतच्या झोपड्यांतून उठवलेल्या लोकांना तिथे पाठवलं, तिथल्या हवेने लोकांच्या तब्येतीला धोका आहे हे हरित लवादाने २०१५ ला म्हटलं आणि २०१९ ला हायकोर्टाने सांगितलं की लोकांना तिथे जायची सक्ती करू नका, भाडं म्हणून महिना १५ हजार द्या.

गोवंडी, मानखुर्द आणि हे नटवर पारेख, लल्लूभाई सगळं महापालिकेच्या एकाच एम-पूर्व वॉर्डात येतं. डंपिंग ग्राउंड तिथे, कत्तलखाना तिथे, पुनर्वसनाच्या वसाहतींवर वसाहती तिथे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच वॉर्ड सगळ्यात खाली होता. आणि २०२४ ला धारावीतल्या लोकांसाठी जागा शोधताना परत देवनार डंपिंगचीच जमीन निघाली.

हे असं का होतं? मला याचं उत्तर आमच्या त्या डायनिंग टेबलवरच्या कागदात दिसलं. जिथे लोकांकडे वकील आहे, नगरसेवकाचा नंबर आहे, लेटरहेड आहे, तिथून स्वस्त घरं हलतात. आणि जिथे नको म्हणायला कुणी नाही, किंवा म्हटलं तरी ऐकायला कुणी नाही, तिथे जाऊन साचतात. एका जागी साचली की शाळा पुरत नाही, दवाखाना पुरत नाही, कचरा उचलला जात नाही, मग आपण त्याचे फोटो दाखवून म्हणतो बघा, म्हणूनच आम्हाला आमच्याकडे नको होतं. म्हणजे एका सोसायटीची हरकत यशस्वी झाली की तिची किंमत दुसऱ्या टोकाला कुणीतरी खालच्या मजल्यावर दुपारी ट्यूबलाइट लावून देत असतं.

मुलुंडकरांबद्दल मला इथे बोलायला हवं, कारण माझे निम्मे नातेवाईक तिथे आहेत. मुलुंड ईस्टला सात हजारांच्या वर प्रकल्पग्रस्तांची घरं एकाच ठिकाणी येणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, एवढी घरं एकाच जागी उभी करणं म्हणजे अजून एक नटवर पारेख करणं. धारावीच्या पुनर्वसनासाठी दिलेल्या कुर्ल्याच्या मदर डेअरीच्या जागेसाठी लोक भांडतायत, त्यांना तिथली झाडं आणि मोकळी जागा हवी, तेही बरोबर. पण या भांडणात 'एवढी एकत्र नकोत' हे म्हणता म्हणता 'ती माणसं नकोत' कधी होतं ते कळतच नाही, आणि मग घोषणा त्याच ऐकू येतात. सात हजार एका जागी ऐवजी दोनशे दोनशे पस्तीस ठिकाणी, ही मागणी कुणी का करत नाही? कारण मग त्यातली एक जागा आपल्या बाजूला येईल.

आणि लांब नेऊन ठेवलं तर घर मिळूनही उपयोग होत नाही हे पण आपल्याकडेच सिद्ध झालंय. अहमदाबादला 'सेवा' संघटनेच्या कष्टकरी बायकांसाठी १९८७ ला घरांची लॉटरी काढली होती. ४९७ जणींपैकी ११० जणींना घर लागलं, शहरापासून साधारण १२ किलोमीटर लांब, घर आधीच्यापेक्षा चांगलं. बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे या तीन अभ्यासकांनी १४ वर्षांनी जाऊन बघितलं तर तिसरा हिस्सा बायका तिथे राहायला गेल्याच नव्हत्या आणि जवळपास तेवढ्याच जाऊन परत आल्या होत्या. कमाईत फरक नाही, मुलांच्या पुढे जाण्यात फरक नाही, उलट अडीअडचणीला धावून येणारी माणसं कमी झाली. लोक म्हणतात ना, गरिबांना घर दिलं की ते भाड्याने देतात, विकून परत झोपडीत जातात. अहो, घर कुठे दिलं ते पण बघा. काम घोडबंदरला आणि घर विरारच्या पुढे, तर मी पण तेच केलं असतं.

म्हणून आमच्या बाजूच्या त्या कोपऱ्यातल्या बिल्डिंगबद्दल माझी हरकत आहे, पण वेगळी. प्लॅन मी मागवून बघितला. टॉवरला मेन रोडवर मोठं गेट, आणि या बिल्डिंगला मागच्या नाल्याच्या बाजूने वेगळं गेट, मधे कंपाउंडची भिंत. गार्डन टॉवरच्या बाजूला. हे आता सगळीकडे असंच करतात, एसआरएमध्येही विकायची सेल बिल्डिंग पुढे आणि झोपडीधारकांची रिहॅब मागे, रिहॅबला दोन लिफ्ट आणि त्यातली एक वर्षभरात बंद पडते कारण दर घरामागे ठेवलेल्या ठेवीच्या व्याजात लिफ्टचा मेंटेनन्स निघत नाही आणि बिल्डर निघून गेलेला असतो. मग ती बिल्डिंग पाच-सात वर्षांत कळकट दिसायला लागते आणि तिथल्या लोकांवर शिक्का बसतो. काही बिल्डर तर ही २० टक्के द्यायलाच लागू नयेत म्हणून प्लॉटचे ४००० च्या आतले तुकडे पाडतात, नाशिकचा असा प्रकार २०२२ ला विधान परिषदेत गाजला होता.

मुलं एका गेटमधून येत-जात असतील, एका ग्राउंडवर खेळत असतील, एका गणपतीला आरतीला उभी राहत असतील तर ओळख होते, आणि ओळखीच्या माणसाला कुणी क्राउड म्हणत नाही. कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगमध्ये शिपाई पण होता आणि हेडक्लार्क पण, संक्रांतीला दोघांच्या बायका एकमेकींच्या घरी वाण घेऊन जायच्या. भिंत घालून, नाल्याच्या बाजूने गेट काढून मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवायचं की ते वेगळे आणि आपण वेगळे, आणि वीस वर्षांनी म्हणायचं की सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे मला पटत नाही.

मी कमिटीला वेगळं पत्र दिलंय. हरकत नोंदवायचीच असेल तर या चार गोष्टींवर नोंदवू असं लिहिलंय. मधली भिंत नको. गेट मेन रोडला हवं. गार्डन आणि प्लेग्राउंड सगळ्यांना मिळून हवं. आणि ओसीच्या आधी संपूर्ण प्लॉटची पाण्याची लाइन, त्याचबरोबर लिफ्टच्या मेंटेनन्ससाठी बिल्डरकडून पुरेल एवढी ठेव. पाणी आणि मेन गेट आपल्याही फायद्याचं आहे हे मी मीटिंगला सांगितलं, तेव्हा दोघं-तिघं पुढे आले, एक निवृत्त मास्तर म्हणाले की मी स्वतः सिडकोच्या घरात वाढलोय, माझी सही घ्या. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, त्या आधीच्या हरकतीच्या पत्रावर शंभरच्या वर आहेत. रविवारी पुन्हा मीटिंग आहे, मी प्रत्येक मजल्यावर जाणार आहे.

ताईंचं म्हणाल तर लॉटरीची जाहिरात अजून निघालेली नाही, पण कागद आधी तयार ठेवलेले बरे. आधार, पॅन आहे. डोमिसाइल काढायला शाळा सोडल्याचा दाखला लागत होता, तो गावाहून भावाने पाठवला, कडेला जरा फाटलाय पण नाव नीट वाचता येतंय. उत्पन्नाचा दाखला तहसीलला टाकलाय, तो यायचा बाकी आहे.